लोणीवाल्या गाडीचा पंप

आमच्याकडे जुन्या गाडीला तिच्या आधीच्या मालकाच्या गावाचं नाव चिकटतं. कुठल्या कंपनीची, कुठल्या सालची, हे नंतर. घोडेगावच्या स्टँडवर तेव्हा एक 'ओतूरवाली' होती, एक 'पाबळची' होती आणि आमची 'लोणीवाली'. दहा सीटची डिझेल जीप, नव्वदच्या दशकातली. आम्ही ती घेतली तेव्हा दोन हजार साल उलटून तीन-चार वर्षं झाली होती. मी गावातल्या हायस्कुलात क्लार्क होते आणि आमचे हे लोणीवालीतून भीमाशंकरचे भाविक नेत-आणत.

ती गाडी घ्यायचं कारण एकच होतं, तिला पॉवर स्टेअरिंग होतं. गोठ्याचे पत्रे बसवताना हे वरून पडले आणि उजवा खांदा निखळला. बसवला, पुन्हा निखळला. दुसऱ्या वेळेनंतर हात छातीच्या वर जाईना आणि जोर लावला की रात्रभर ठणकायचा. आधीच्या जीपला साधं स्टेअरिंग होतं. पोखरीच्या घाटात एकेका वळणाला दोन्ही हातांनी ओढावं लागायचं. ती विकली. लोणीवालीचं चाक मात्र तळहाताने फिरायचं. हे ती पहिल्यांदा चालवून आले आणि ओट्यावर बसून म्हणाले, "अगं, डाव्या हातानं वळती." एवढंच म्हणाले, पण तसा चेहरा मी वर्षभर पाहिला नव्हता.

माझे धाकटे दीर चाकणला एका कारखान्याच्या गेटवर सुपरवायझर होते. खांद्याचं झाल्यापासून ते ह्यांना बोलावत होते. वॉचमनची जागा होती, खुर्चीवर बसायचं, येणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायचे. दिरांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण ज्या माणसाने विसाव्या वर्षापासून गाडी चालवली त्याने दुसऱ्यांच्या गाड्यांचे नंबर लिहायचे, हे ह्यांना बोलताही येत नव्हतं. विषय निघाला की उठून गाडीच्या काचा पुसायला जायचे.

मी यादी करणारी बाई आहे. शाळेत मस्टर, दाखले, जडवस्तू रजिस्टर माझ्याकडे आणि घरातही तेच. गाडी आली तेव्हा मी एका पुठ्ठ्यावर तिची देखभाल लिहिली आणि पुढच्या कप्प्यात ठेवली. इंजिन ऑइल, गिअर ऑइल, रेडिएटरचं पाणी, चाकांची हवा, पट्टे. शेवटची ओळ अशी होती: 'लहान डब्या (ब्रेक, पॉवर): ऑइल पाहणे, कमी असल्यास भरणे.' पुठ्ठा संपत आला होता म्हणून दोन ओळींची मी एक केली. अक्षर छान होतं.

महाशिवरात्रीला अकरा दिवस होते. अकरा मी मोजले होते, कारण शिवरात्रीला भीमाशंकरच्या रस्त्यावर जेवढी गर्दी होते तेवढीच श्रावणात होते आणि त्या दिवसांत स्टँडवर रांगेतला नंबर चुकवलेल्या गाडीला पुढे कोणी धरत नाही. दुपारी हे आले ते पायी. गाडी बाजारपेठेच्या तोंडाशी उभी करून आले होते. उजवा हात डाव्या हाताने धरला होता.

"पॉवर गेली," म्हणाले.

दोन-तीन दिवस वळणावर गाडी कण्हत होती. त्या दिवशी घाट उतरताना चाक एकदम जड झालं. ह्यांनी प्रवासी दुसऱ्या जीपमध्ये बसवून दिले आणि रिकामी गाडी दोन्ही हातांनी ओढत खाली आणली. संध्याकाळपर्यंत खांदा सुजून बनियन काढता येईना. मी बाही कापून काढला.

दुसऱ्या दिवशी मंचर रस्त्यावरच्या गॅरेजमध्ये गेलो. तिथले मिस्त्री ह्यांच्याच वयाचे, बोलायला फटकळ, हाताला खात्रीचे. बॉनेट उघडून त्यांनी पॉवरच्या डबीत बोट बुडवलं, बोटावर बोट चोळलं, वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.

"वैनी, यात काय वतलंय?"

"ऑइल."

"ते दिसतंय. कुठलं?"

हे म्हणाले, "सीटखाली बाटली हाय ना, तीच. महिन्यात दोनदा टाकलं. कमी व्हत व्हतं."

मिस्त्रींनी सीटखालची बाटली काढली, तिच्यावरचं नाव वाचलं आणि गाडीच्या पायरीवर बसलेच.

"भाऊ, हे ब्रेक ऑइल हाय."

"मग? ऑइलच हाय की."

"नावात ऑइल हाय. अंगात न्हाई."

मग त्यांनी समजावलं. आपण सगळेच त्याला ब्रेक ऑइल म्हणतो, दुकानदार म्हणतात, ड्रायव्हर म्हणतात, पण ती वस्तू तेल नव्हेच. ब्रेकमधलं रबर तिच्यासाठीच केलेलं असतं. पॉवरच्या पंपातलं रबर खऱ्या तेलासाठी केलेलं असतं. त्याला हे पाजलं की ते फुगतं, मऊ पडतं आणि गळायला लागतं. गळालं की डबी कमी होते. कमी झाली की माणूस आणखी टाकतो.

"म्हंजी जेवढं टाकलं तेवढं मारलं," मिस्त्री म्हणाले.

ह्यांनी कप्प्यातून पुठ्ठा काढून मिस्त्रींपुढे धरला. मला बोल लावायला नव्हे. आपण लिहिल्याप्रमाणेच केलं एवढंच त्यांना सांगायचं होतं. मिस्त्रींनी पुठ्ठा हात लांब करून वाचला.

"अक्षर लई झ्याक हाय वैनी. फकस्त एक वळ कमी पडली."

मी हसले. हसणं भाग होतं. हे रागावले असते तर बरं वाटलं असतं, पण ते माझ्यावर रागावत नाहीत आणि त्याचाही कधीकधी शीण येतो.

मिस्त्रींनी पंप उतरवला. दांड्याचं सील काढून माझ्या हातावर ठेवलं. भिजवलेल्या हरभऱ्यासारखं फुगलं होतं, नखाने दाबलं की नख रुतायचं. कोरडा चालल्यामुळे पंपाच्या आतल्या भिंतीलाही ओरखडे पडले होते. नुसती सीलं बदलून भागणार नव्हतं. पंपच हवा होता.

"कुठला आणायचा?" मी वही उघडली.

"त्येच तर. ह्याच्यावरची नंबराची पट्टी घासून गेली. आन् ह्यो पंप ह्या गाडीचा वाटत न्हाई मला. खालचा पाट बघा, वेल्डिंग करून बनिवलाय. जुन्नरला शेठकडं जावा. पंप घेऊन जावा. तोंडी सांगू नका."

शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा काढली. पंप जुन्या टॉवेलात गुंडाळून पिशवीत घातला आणि जुन्नरची एसटी धरली. सगळ्या वाटेत त्या पिशवीचा वास येत होता. शेजारच्या बाईने दोनदा पाहिलं आणि तिसऱ्यांदा विचारलं, "बोंबील हायती का?" मी म्हटलं, "पंप आहे." ती म्हणाली, "असंल बाई," आणि खिडकीकडे सरकली.

पार्ट्सचं दुकान जुन्या बाजाराच्या गल्लीत होतं. शेठच्या आजोबांनी राजस्थानातून येऊन तिथे धान्याचा व्यापार काढला होता. गाड्यांचे पार्ट्स शेठपासून सुरू झाले. मराठी आमच्यासारखंच, उलट माझ्यापेक्षा स्वच्छ. दुकानात जमिनीपासून तक्तपोशीपर्यंत खोकी, प्रत्येकावर पेनाने नाव. ती मांडणी पाहून मला जरा बरं वाटलं.

"मॉडेल?" त्यांनी विचारलं.

"लोणीवाली," मी म्हणाले.

तोंडातून गेलं ते गेलं. गल्ल्यावर टेकलेला एक टेम्पोवाला फिस्सकन हसला. शेठ हसले नाहीत. "ताई, लोणीवाली माझ्या कॅटलॉगमध्ये नाही," म्हणाले आणि वाट पाहत राहिले.

मी गाडीचं नाव, साल सांगितलं. त्यांनी त्या गाडीचा पंप काढून माझ्या पंपाशेजारी ठेवला. माझ्या डोळ्यांना दोन्ही सारखेच. शेठनी आधी भोकांमधलं अंतर मोजलं, ते जुळेना. मग पाइप जिथे बसतो तिथले आटे पाहिले, तेही वेगळे. मग दोन्ही पुल्या हाताने फिरवून दाखवल्या.

"हा उजवीकडे फिरतो. तुमचा डावीकडे. उलटा लावला तर बसेल, फिरेल, पट्टा घालता येईल, आणि तेल ढकलणारच नाही. महिनाभर तुम्ही मिस्त्रीला शिव्या द्याल."

"मग आमच्या गाडीला कुठला लागतो?"

"तुमच्या गाडीला कंपनीची पॉवर नव्हतीच. कोणीतरी नंतर बसवून घेतली. स्टेअरिंगचा बॉक्स एका गाडीचा, पंप दुसरीचा. अशा चार-पाच गाड्या दिसतात मला वर्षात. अंदाजाने मी एखादा देऊ शकतो." त्यांनी दोन्ही पंप लांब सारले. "पण ताई, परत तुम्हीच येणार. ज्याने बसवली त्याला विचारा."

गाडी घेऊन वर्ष होऊन गेलं होतं आणि पॉवर तिची स्वतःची नाही हे आम्हाला ठाऊक नव्हतं. घेताना मी कागदपत्रं चार वेळा तपासली होती.

घरी आले तर हे पायरीवर बसले होते, हात माझ्या जुन्या ओढणीच्या झोळीत. दिरांचा फोन येऊन गेला होता. एक तारखेपासून ये म्हणत होते, नाहीतर त्या जागेला दुसरा माणूस तयार होता.

"काय सांगितलंत?"

"शिवरात्र झाल्यावं सांगतो म्हटलं."

"आणि गाडी सुरू झाली तर?"

"व्हईल का?" असं त्यांनी मला विचारलं. मला यादीतलं सगळं ठाऊक असतं असं त्यांना वाटायचं.

रविवारी आम्ही लोणीला गेलो. मंचरपर्यंत एक गाडी, तिथून पूर्वेला दुसरी. मंचर सोडलं की हिरवं कमी होत जातं, विहिरी खोल जातात आणि माळ सुरू होतो. गाडीचा आधीचा मालक मेंढ्या घेऊन बाहेर गेला होता. मेंढ्यांच्या वाड्याजवळच्या घरात त्याची आई आणि बायको होत्या. म्हातारी बाजेवर बसून लोकर निवडत होती. ह्यांच्या झोळीतल्या हाताकडे तिने पाहिलं आणि विचारलं, "गाडीनं केलं का हे?"

"न्हाई आजी, पत्र्यानं. गाडी चांगली हाय. तिची पॉवर गेलीय. कुणी बसवली व्हती, एवढं सांगा."

म्हातारीने मान वळवून घराकडे हाक मारली. "ये गं बाहेर. तुझी चौकशी आलीय." मग आमच्याकडे वळून, "ह्या बयेनं बसवाया लावली. हिला गाडी शिकायची व्हती."

सून बाहेर आली, तिशीच्या आतली, हाताला पीठ. म्हातारी थांबली नाही. "लगीन होऊन आली तर पोरी चूल बघत्यात, दळान बघत्यात. हिनं इचारलं, गाडीची चावी कुटं असती."

"आत्या, तुमीच बसायच्या मागं. तवा न्हाई म्हणाला."

"बसाया काय जातंय? जत्रंला सून घिऊन गेली, लोक उठून बघायची. पर ते स्टेरिंग हिला वळंना. बोराटीच्या कुपात घातली गाडी. चार कोकरं व्हती मागं, चारी माझ्या मांडीवं."

सून हसत हसत हात पुसत बसली. तिला सगळं पाठ होतं. स्टेअरिंग वळेना म्हणून नवऱ्याने शिरूरला नेऊन पॉवर बसवून घेतली होती. बॉक्स एका जीपचा. पंप मिनीबसचा. तिने मिनीबसचं नावही सांगितलं, वीस सीटची, पुढून गोल दिव्यांची. ती तिथे दिवसभर बाकड्यावर बसून पाहत होती, म्हणाली. मी सगळं लिहून घेतलं.

"आणि ऑइल कुठलं टाकायचा?"

"लाल. गिअरवाल्या गाड्यांचं न्हाई, त्ये आपोआप गिअर पडत्यात त्या गाड्यांचं. फिटरनं सांगितलेलं, लालच, दुसरं काय बी न्हाई. चुकू नये म्हणून मी डबीच्या टोपणावं नखाचं लाल पालिश लावलं व्हतं. आन् ब्रेकच्या टोपणावं काय न्हाई. दिसलं न्हाई का तुमाला?"

हे माझ्याकडे बघायच्या आत मला आठवलं. गाडी आली त्या वर्षीचा दसरा. शस्त्रपूजेला गाडी धुतली, तेव्हा मी बॉनेटसुद्धा उघडून घेतलं होतं. रॉकेलचा बोळा घेऊन एकेक भाग पुसला होता. एका टोपणावर लाल डाग होता. तो निघेना म्हणून मी ब्लेड आणलं आणि खरवडून काढला. मग दोन्ही टोपणं सारखी काळी, चकचकीत दिसायला लागली आणि मी त्यांना हळदीकुंकू लावलं.

"दिसलं होतं," मी म्हणाले. "मीच काढलं."

म्हातारी म्हणाली, "घरात सापसफाई करणारी बाई असली की असंच व्हतं. माझी एक जाऊ व्हती, तिनं मेंढरांच्या कानाच्या खुना धुतल्या व्हत्या." सगळे हसलो. ह्यांना हसताना खांदा दुखला, तरी हसले.

चहा झाल्यावर ह्यांनी सुनेला विचारलं, "मग इकली कशाला एवढी चांगली गाडी?"

"मेंढरांना पुरंना. टेम्पो घेतला."

"त्याला पॉवर हाय?"

"न्हाई." तिने कपबशा गोळा केल्या. "तवापासनं मी शेजारी बसती."

परतीच्या गाडीत मंचर येईपर्यंत हे दोनदा म्हणाले, "शेजारी बसती म्हणाली." मला त्यांना सांगायचं होतं की चाकणला जायचं झालंच तर आभाळ कोसळणार नाही, मला दर महिन्याला काही ना काही दुरुस्त करण्याचा कंटाळा आलाय, त्या खुर्चीवर बसून निदान खांदा तरी शाबूत राहील. सहा दिवस उरले होते. मी बोलले नाही. त्यांचा डावा हात मांडीवर होता आणि एसटी वळली की तो आपोआप जरा फिरायचा.

सोमवारी पुन्हा जुन्नर. शेठनी मिनीबसचं नाव ऐकलं आणि लगेच माझा पंप हातात घेऊन भोकं मोजली. "हां. आता बोला." पंप त्यांच्याकडे नव्हता, पुण्याहून येणार होता, आणि कुठला मागवायचा ते ठरवायचं होतं. तीन प्रकार त्यांनी सांगितले. कंपनीचा नवा: त्या मिनीबसचा आता पंधरा दिवस येणार नाही. लोकल नवा: उद्या येईल, पण आतलं लोखंड मऊ, पहिल्या घाटात गरम होईल. आणि कंपनीचाच जुना, उघडून, सीलं आणि बेअरिंग नवीन घालून तयार केलेला.

"भंगारातला तसाच काढलेला?" मी विचारलं, कारण स्टँडवरच्या दोघांनी तेच सुचवलं होतं.

"तो पंप गाडीतून का निघाला हे कोणी सांगत नाही ताई. गाडी ठोकली म्हणून निघाला की पंप गेला म्हणून निघाला?"

आम्ही तिसरा ठरवला. शेठनी फोनवर समोरच्या माणसाला तीन वेळा सांगितलं: डावीकडे फिरणारा. पुली काढून पाठवू नको. आणि पाठवायच्या आधी हाताने फिरवून बघ, कुठे अडकता कामा नये.

मग तेलाचं. मी म्हटलं, "लाल द्या." शेठनी हात वर केला.

"लाल बरोबर आहे, पण रंगावर जाऊ नका. पुढची गाडी घ्याल तिला पिवळं लागेल, हिरवं लागेल. रेडिएटरचंही लाल मिळतं आता. डब्यावर काय लिहिलंय ते वाचा. पॅकबंदच घ्या, एकाच कंपनीचं, दोन मिसळू नका. आणि पाच लिटर न्या."

"डबीत तर लिटरभरच मावतं."

"बाकीचं धुवायला. बॉक्समध्ये, पाइपात सगळीकडे ते ब्रेकचं बसलंय. ते न काढता नवा पंप लावलात तर आठ दिवसांनी हाच पंप टॉवेलात गुंडाळून आणाल."

पार्सल बुधवारी आलं. गुरुवारी मी पूर्ण रजा टाकली. मिस्त्रींनी बॉक्सची सीलं आधीच बदलून ठेवली होती, ती पंपाइतकी नाही तरी मऊ पडलेलीच होती. रबरी पाइपही बदलले. पुढची चाकं जॅकवर उचलली. परत येणारा पाइप सोडून एका रिकाम्या डब्यात घातला. आता एकाने डबीत लाल ओतत राहायचं आणि एकाने स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं, म्हणजे आतलं जुनं बाहेर पडतं. मिस्त्री खाली पाइप धरून. हे एका हाताने ओतू शकत होते, फिरवू शकत नव्हते.

"वैनी, बसा," मिस्त्री म्हणाले.

त्या सीटवर मी कधी बसले नव्हते. चाक दोन्ही हातांनी धरलं आणि ओढलं. गाडी जॅकवर, चाकं हवेत, तरीही ते चिखलात रुतल्यासारखं हळूहळू फिरलं. डावीकडे, मग उजवीकडे. डब्यात काळपट, फेसाळ, पातळ काहीतरी पडत होतं. पंधरा-वीस वेळा फिरवल्यावर माझे दंड भरून आले, पदर घामाने चिकटला. ह्यांनी घाट उतरवला तेव्हा चाकं जमिनीवर होती, गाडी उतारावर होती आणि खांदा दोनदा निखळलेला होता. मी फिरवत राहिले.

"थांबू नका वैनी, अजून गढूळ हाय."

"थांबले नाही."

"टोकाला नेऊन धरून नका ठेवू. टेकलं की माघारी."

ह्यांनी बॉनेटच्या आडून विचारलं, "दमली का?"

"तुम्ही ओता."

तिसऱ्या लिटरला डब्यात गुलाबी पडायला लागलं, चौथ्याला स्वच्छ लाल. मिस्त्रींनी पाइप जोडला, डबी भरली, माझ्या पायाशी वाकून स्टार्टर मारला. इंजिन सुरू झालं. "आता फिरवा. सावकाश."

मी सवयीने जोर लावला आणि चाक माझ्या हातातून निसटून फिरलं. मी पुढे कोलमडले, हॉर्न वाजला. मिस्त्री खालून ओरडले, "सावकाश म्हटलं ना, राव!" हे बॉनेटच्या बाजूने वाकून बघत होते, हातात रिकामा डबा तसाच.

थोडा वेळ डबीत बुडबुडे येत राहिले, मग तेही थांबले. मिस्त्रींनी टोपण लावलं. एका दिवसानंतर पुन्हा पातळी बघा, गळतं का बघा, म्हणाले, आणि प्रवासी घ्यायच्या आधी घाटात एकदा रिकामी नेऊन या.

शुक्रवारी उजाडताना आम्ही निघालो. शिवरात्र दुसऱ्या दिवशी होती. शिनोली, डिंभे, मग धरणाच्या पाण्याच्या कडेने. सपाटीला हे बोलत होते; घाट लागला तसे सरळ होऊन बसले. मी शेजारी बसून आवाजाकडे कान लावला होता. कण्हणं नव्हतं. पहिलं मोठं वळण आलं, तेव्हा त्यांनी उजवा हात चाकावरून काढून मांडीवर ठेवला आणि डावा तळहात चाकावर सपाट ठेवून वळवलं. गाडी वळली. दुसरं वळण, तसंच. समोरून लाकडाचा ट्रक आला, कडेला दाबावं लागलं, तेव्हा उजवा हात वर गेला आणि त्यांचे ओठ आवळले. मी ते पाहिलं. त्यांनी मी पाहिलेलं पाहिलं.

वर पोखरीच्या सपाटीवर गाडी थांबवून आम्ही बॉनेट उघडलं. डबीतलं तेल होतं तिथेच होतं. पंपाखाली मी कागद धरला, कोरडा निघाला.

"दुखतंय," मी म्हणाले.

"दुखतंय की." ते लांब रस्त्याकडे पाहत होते. "पर एका हातानं वळतंय. जवर एका हातानं वळतंय तवर चालवतो. ते थांबलं की मीच चावी काढून तुझ्या हातात दीन. मग तू दिराला फोन कर."

"मी आधी सांगितलं तर?"

त्यांनी डाव्या हाताने बॉनेट लावलं. "तू सांगितलं तर ऐकीन."

मी तेव्हा काही सांगितलं नाही. पुढे चार वर्षांनी सांगितलं आणि त्यांनी ऐकलं. पण त्या सकाळी मला फक्त बसायचं होतं. पुढे शेजारी न बसता मी मागच्या लांब बाकावर गेले, पाय वर घेतले. घाट उतरताना मला कधीच झोप लागत नाही. प्रत्येक वळणाला मी पायाने नसलेला ब्रेक दाबत असते. त्या दिवशी पहिलं वळण आठवतं, दुसरं आठवत नाही.

जाग आली तेव्हा गाडी स्टँडबाहेर उभी होती आणि हे मागे वळून हाका मारत होते.

"अगं, ऊठ. उतर. मला नंबर लावायचाय."